सहलीत वस्तुसंग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस ठेवा

माननीय संपादक महोदय,

दिवाळीनंतर गोव्यातील अनेक शाळांच्या सहली मुंबईला जातात आणि त्यांच्या कार्यक्रमात एखादे वस्तुसंग्रहालय असतेच. परंतु ते कशासाठी ठेवलेले असते, हा प्रश्न मागच्या खेपेस पालक म्हणून मुलांसोबत गेल्यापासून माझ्या मनातून जात नाही. कोकणकन्या गाडीने पहाटे मुंबईत उतरलेली नववीची मुले साडेदहाला भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पोहोचली आणि सव्वाअकराला बाहेर पडली. सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या कंत्राटदाराने दुपारी मॉलसाठी मात्र तीन तास राखून ठेवले होते.

ज्यांचे नाव या संग्रहालयाला आहे, ते भाऊ दाजी जन्माने आपल्या पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते नामांकित डॉक्टर झाले, त्यांनी प्राचीन शिलालेखांचा आणि नाण्यांचा अभ्यास केला आणि शहरात संग्रहालय उभे राहावे म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत ते आघाडीवर होते. १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने खुल्या झालेल्या या वास्तूला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. आमच्यासोबत मांद्र्याचीच दोन मुले होती. त्यांना हे आधी कोणी सांगितले नव्हते आणि मलाही ते दारात पोहोचल्यावरच सुचले, याची खंत वाटते.

इमारतीबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हाच हत्ती. १८६४ च्या सुमारास इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो कोसळला व त्याचे तुकडे झाले; ते जोडून १९१४ मध्ये तो पुन्हा उभा करण्यात आला. जवळ गेले की दगडातील सांधे दिसतात. एका मुलाने त्यांच्याकडे बोट दाखवून मला विचारले, “काकी, ह्याला टाके कसले घातलेत?” त्याला सगळी हकीकत सांगायला पाच मिनिटे पुरली असती, पण बसचा हॉर्न वाजू लागला होता. आत जुन्या मुंबईतील नाना जातींच्या आणि व्यवसायांच्या लोकांच्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत, प्रत्येकाची पगडी आणि नेसण्याची तऱ्हा निराळी. त्यांच्यासमोरून तर मुले रांगेने नुसती पुढे सरकली.

माझी विनंती एवढीच आहे की शाळांनी एका सहलीत एकच संग्रहालय निवडावे आणि त्याला अख्खी सकाळ द्यावी. काळा घोडा परिसरात १९२२ साली खुले झालेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही तिन्ही अगदी जवळजवळ असल्यामुळे तिन्ही उरकून घेण्याचा मोह शिक्षकांना होतो. तो टाळावा. मोठ्या वस्तुसंग्रहालयात असीरियन राजवाड्यातील शिल्पपट आणि लघुचित्रे एवढी दोनच दालने पाहिली तरी मुलांचे काही बिघडत नाही, आणि कलादालनात एकाच चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहून काय दिसते ते त्यांनीच सांगावे. आधुनिक चित्र पाहून मुले हसतात, म्हणून त्यांना तेथे नेऊ नये असे मानणारे शिक्षक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही, कारण हसणारी मुले निदान चित्राकडे पाहत तरी असतात.

याची तयारी गोव्यातच करता येते, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सांग्यात जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिकवलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत जतन केलेली आहेत. त्याच कला विद्यालयात शिकलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा साळगावचे, आणि १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटाचे ते एक संस्थापक. त्रिंदादांनी रंगवलेली माणसे पणजीत डोळे भरून पाहिलेले मूल मुंबईत सूझांच्या चित्रासमोर उभे राहिले, तर दोघांच्या रेषेतील फरक त्याला आपोआप जाणवेल. जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयातील वीरगळही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळा, अशा सरावासाठी उत्तम आहेत. शिक्षण खात्याने सहलीला परवानगी देताना संग्रहालयासाठी किती वेळ ठेवला आहे आणि पूर्वतयारी काय केली आहे, हे दोन प्रश्न अर्जात विचारले तरी पुष्कळ फरक पडेल.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी आणि जुने गोवे येथील शुक्रवारी बंद असते. चतुर्थीची सुट्टी संपली की शाळांत सहलींच्या बैठका सुरू होतात. त्यापूर्वी हे पत्र आपण प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पालक, पेडणे