जाहीर आवाहन : दृष्टिहीन विभागासाठी मदतनीस, टंकलेखक आणि जुने लॅपटॉप हवेत

स. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाच्या दृष्टिहीन विभागात दुपारी डोकावलात, तर हेडफोन लावून बसलेली मुले-मुली दिसतील. कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असते, कुणी बँकेचे काम उरकत असते, कुणी वर्तमानपत्र ऐकत असते. सगळ्या संगणकांवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली त्याचे काम सुरू केले. तो आजही फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. साधन हाताशी आहे, मुले तयार आहेत. घोडे अडते ते समोरच्या वेबसाइटवर.

विभागातल्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, दाखल्यांचे क्रमांक, गुण, सगळे तिने स्वतः भरले. शेवटी कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरायचा रकाना आला. हेडफोनमध्ये आवाज आला, ‘ग्राफिक’. टॅब दाबला, ‘बटण’. कशाचे बटण, ते साइट बनवणाऱ्याने लिहिलेच नव्हते. कॅप्चा ऐकून भरण्याची सोय नव्हती. कुणा डोळस माणसाला बोलावून आणेपर्यंत वेळ संपली आणि भरलेले सगळे पुसले गेले. तिला संगणक येत नव्हता म्हणून हे झाले नाही. कायद्याने सांगितलेले काम त्या कार्यालयाने केले नव्हते, म्हणून झाले.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशीच असावी, ही जबाबदारी त्यातल्या कलम 42 ने सरकारवर टाकली आहे. कलम 46 खासगी सेवा देणाऱ्यांनाही सोडत नाही. त्यासाठी दिलेली दोन वर्षांची मुदत 2019 च्या जूनमध्येच संपली. मग राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला. रतुरी स्वतः दृष्टिबाधित; त्यांची याचिका 2005 सालची. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सेवा सहज वापरता याव्यात यासाठीचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे न्यायालयाने बजावले. पुढे 30 एप्रिल 2025 चा निकाल तर आमच्या रोजच्या दुखण्यावरच आहे. मोबाइलवरून केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची प्रक्रिया करताना ‘डोळ्यांची उघडझाप करा’ असे सांगितले जाते. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पण दिल्लीतला निकाल आपल्या तालुक्यातल्या अर्जापर्यंत आपल्या पायाने चालत येत नाही. त्यासाठी तक्रार करावी लागते. राज्याच्या कार्यालयांची पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, केंद्राच्या कार्यालयांची दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. तक्रार टिकायची तर पुरावा नेमका हवा : कोणते पान, कोणत्या रकान्याला नाव नाही, पडद्यावर काय दिसते आणि स्क्रीन रीडर काय वाचतो. ऐकू काय आले, ते आमची मुले सांगतील. दिसते काय, ते सांगायला शेजारी डोळस माणूस लागतो. स्क्रीनशॉट घ्यायला, मुद्देसूद पत्र लिहायला आणि उत्तर आले नाही तर पाठपुरावा करायला माणसे हवीत. आठवड्याला दोन तास देऊ शकणारे निवृत्त कर्मचारी, शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी पुढे यावे. वकील मंडळींनी मसुदे नजरेखालून घातले तर फार मोठे काम होईल. एक नियम मात्र आम्ही काटेकोरपणे पाळतो : मदतनीसाने माउस स्वतःच्या हातात घ्यायचा नाही, पासवर्ड किंवा ओटीपी विचारायचा नाही. अर्ज ज्याचा, तोच भरेल.

दुसरी निकड टंकलेखनाची. मराठीपुरता हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर मराठीच दिसते, पण संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरे साठतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. नोट्स, परिपत्रके, प्रश्नसंच यांच्या अशा कितीतरी फायली मुलांकडे येतात आणि कानात नुसता कलकलाट ऐकू येतो. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत बदलणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. कुणीतरी ओळ न् ओळ तपासावीच लागते. स्कॅन केलेल्या पानांची गत आणखी वाईट, त्यातले तक्ते हातानेच टाइप करावे लागतात. युनिकोड मराठी टाइप करता येणाऱ्या कुणालाही हे काम घरबसल्या करता येईल. पुस्तके टाइप करण्याबद्दल कुणाला शंका असेल तर सांगतो, विनानफा तत्त्वावर दिव्यांगांसाठी असे रूपांतर करायला कॉपीराइट कायद्यातच 2012 च्या दुरुस्तीने मुभा आहे.

वस्तूंमध्ये चालू स्थितीतले जुने लॅपटॉप आणि नवे हेडफोन हवेत. आर्थिक मदत फूल ना फुलाची पाकळी, जी असेल ती आनंदाने स्वीकारू. सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही. तो दुरुस्ती, इंटरनेट आणि शिकवायला येणाऱ्या दृष्टिहीन प्रशिक्षकांचा प्रवासखर्च आणि मानधन यांवर खर्च होईल. त्याचा हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल.

ब्रेल दिनाला आणि पांढरी काठी दिनाला अनेक मंडळी खाऊ, फळे घेऊन प्रेमाने येतात. त्यांचे ऋण आहेच. पण त्यांनाही आमची कळकळीची विनंती, की यंदा तोच वेळ एका मुलाशेजारी बसून एखादी तक्रार पूर्ण करायला द्यावा.

आणि गावातल्या दुकानदारांनी, पतसंस्थांनी, शाळांनी आपली वेबसाइट किंवा ॲप एकदा आमच्याकडे तपासायला आणावे. कुठे अडते ते मुले वापरून दाखवतील, शुल्क नाही. बटणांना नावे देणे, चित्रांना वर्णन जोडणे ही कामे साइट बनवणाऱ्याला मनावर घेतले तर सहज जमतात.

नावनोंदणी वाचनालयाच्या कार्यालयात, कामाच्या वेळेत. देणगी फक्त कार्यालयातच द्यावी व पावती मागून घ्यावी. घरोघरी वर्गणी मागायला आम्ही कुणालाही पाठवलेले नाही.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ व दृष्टिहीन विभागाचे सर्व वाचक