मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम पावडर कशाला?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या इंदूरात हल्ली लॅब्रा, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन घरोघरी दिसतात, छानच आहे, पण पिल्लू आणलं रे आणलं की दुकानदार खाण्यासोबत कॅल्शियमचा डबा पण हातात देतो, "हाडं मजबूत होतील" म्हणून. उलट आहे हो! साधारण ६ महिन्यांपर्यंत पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, त्यातलं बरंचसं शोषलं जातं आणि हाडं, सांधे वेडेवाकडे वाढू शकतात. पाकिटावर "लार्ज ब्रीड पपी" लिहिलंय का बघा, आणि पाणी वगळून कॅल्शियम १.८ टक्क्याच्या वर नको. अशा संतुलित खाण्यावर वेगळी पावडर लागतच नाही, डॉक्टरांनी सांगितली तर गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे गुटगुटीत पिल्लू बघून आपण खूश होतो, पण भराभर वजन वाढलं की खुब्याच्या सांध्याचा त्रास बळावतो, म्हणून बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. वाटी भरलेली ठेवू नका, मोजून द्या. आणि सकाळचे पोहे प्लीज नको, त्यात कांदा असतो, तो कुत्र्यांना विषारीच, शेव तर सोडाच (आजोबा लोक ऐकत नाहीत, माहितीये!). दुकानदारांनी निदान पिल्लू मोठं होऊन किती किलोचं होणार एवढं तरी विचारून माल द्यावा.

– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर