मधुमेही मांजरांसाठी ‘सुरक्षित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डेंटल ट्रीट्सबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: पाकिटावरील दिशाभूल करणारा दावा आणि इन्सुलिनबाबत दिलेला धोकादायक सल्ला

महोदय/महोदया,

आपल्या डेंटल ट्रीट्सच्या, म्हणजे दात साफ राहावेत म्हणून मांजराला चावायला द्यायच्या खाऊच्या, पाकिटावर समोरच ठळक छापले आहे: ‘साखरविरहित, मधुमेही मांजरांसाठीही सुरक्षित’. माझी तक्रार या ओळीबद्दल आहे आणि त्यानंतर आपल्या ग्राहक सेवेने मला पाठवलेल्या लेखी उत्तराबद्दलही. दुसरी बाब जास्त गंभीर आहे, पण सुरुवात पाकिटापासून करते.

आमच्या बोक्याला मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन, ठरल्या वेळी खाणे, कानाच्या कडेला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचा आणि शुगर वहीत लिहायची, असा आमचा नेम. त्यात त्याच्या हिरड्या सुजल्या. वरच्या दाढांच्या मुळाशी लालभडक रेघ, दाढांवर तपकिरी कीटण, तोंडाला उग्र वास. खाताना मान कलती करायचा आणि घास तसाच टाकून द्यायचा. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात. तोंडात सतत दाह असला की शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, आणि शुगर चढी राहिली की तोंडातला संसर्ग हटत नाही. अशा मांजराच्या घरात आपली ती ओळ किती आशेने वाचली जात असेल, हे ती छापणाऱ्यांना ठाऊक असणारच.

ट्रीट्स सुरू केल्या आणि वहीतले आकडे वर सरकू लागले. इन्सुलिन तेच, जेवण तेच, वेळाही त्याच. तेव्हा पाकिटाची मागची बाजू नीट वाचली. साखर नाही, हे खरे. पण चिकन पावडरीच्या पाठोपाठ मक्याचे पीठ आणि बटाट्याचा स्टार्च आहे, आणि पोटात गेल्यावर स्टार्चचे ग्लुकोजच होते. मुळात मांजराला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारे जनुक मांजरांमध्ये निकामी असते. म्हणजे साखर नसल्याची ही जाहिरात बोक्यासाठी नव्हे, पैसे मोजणाऱ्यासाठी आहे.

कर्बोदके किती, हे पाकिटावर कुठेच नाही. मग हिशेब मीच केला. आपण छापलेली प्रथिने 30, चरबी 12, तंतू 4, ओलावा 10 आणि राख (म्हणजे खनिजे) 8 टक्के शंभरातून वजा केली की उरतात 36. कॅलरींच्या भाषेत हे प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास जाते. मधुमेही मांजराला कर्बोदकांतून मिळणाऱ्या कॅलरी साधारण 12 टक्क्यांच्या आत ठेवा, असे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. ‘चार तुकड्यांनी काय होते’ असे आपण म्हणाल. पण रोज दोन्ही वेळा द्या, ही सूचनाही आपलीच आहे.

‘भूल न देता घरच्या घरी निरोगी हिरड्या’ हा दावाही तसाच. चावताना दातावरचा मऊ थर थोडाफार निघतो, नाही असे नाही. पण घट्ट झालेले कीटण त्याने सुटत नाही आणि खरा आजार हिरडीच्या खाली असतो. तो भूल देऊन, एक्स-रे काढूनच नीट कळतो. आमच्या बोक्याच्या दाढांची मुळे खराब झालेली तशीच कळली आणि त्या दाढा काढाव्या लागल्या.

आता ते उत्तर. शुगर वाढते आहे, असे मी कळवल्यावर आपल्या प्रतिनिधीने लिहिले, ‘काळजी नसावी, इन्सुलिनचा डोस थोडा वाढवून पाहावा.’ मांजराचा डोस बहुधा एक-दोन युनिटचा. तिथे अर्ध्या युनिटनेही फरक पडतो. शुगर फार उतरली तर मांजर लडखडते, त्याला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. शिवाय हिरड्यांवर इलाज झाला की इन्सुलिनची गरज अनेकदा कमी होते. आमच्याकडेही दाढा काढल्यानंतर डॉक्टरांना डोस उतरवावा लागला. आपला सल्ला पाळून तो आधीच चढवून ठेवला असता तर काय झाले असते, हे आपल्या कंपनीतल्या एखाद्या पशुवैद्यालाच विचारा. असा कोणी आपल्याकडे आहे का, हेही मला कळवावे.

पाकिटावरून ‘मधुमेही मांजरांसाठीही सुरक्षित’ हे शब्द काढावेत, कर्बोदकांचे प्रमाण स्पष्ट छापावे आणि दुकानांत असलेल्या पाकिटांबद्दल ग्राहकांना जाहीर सूचना द्यावी. ग्राहक सेवेतून इन्सुलिनबद्दल एक अक्षरही सांगितले जाऊ नये. ‘आपल्या पशुवैद्यांना विचारा’ एवढेच उत्तर पुरे. माझे पैसे परत करावेत, ही मागणी आहेच, पण ती सर्वांत शेवटची.

पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, आपल्या उत्तराची प्रत आणि शुगरच्या नोंदींची पाने सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे असावे; ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ अशा छापाचे नको.

आपली,
एक ग्राहक