पाय आंबतात, हे तुम्हाला कळलं

आदरणीय सिनसे,

सिंगापुरात चिनी वैद्यांना सगळे याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही. पत्र मात्र मराठीत लिहितेय. माझी लेक तुम्हाला ते इंग्रजीत वाचून दाखवेल. पण जे सांगायचंय ते मराठीतच नीट सांगता येतं.

सात वर्षं, रात्रीचे दहा वाजले की माझे पाय सुरू व्हायचे. दुखत नव्हते, मुंग्याही नव्हत्या. पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाला लागून काहीतरी वळवळायचं आणि पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. उठून चाललं की थांबायचं, आडवं झालं की पुन्हा तेच. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पहाटे दोन-दोन वाजेपर्यंत फेऱ्या मारायचे. एका डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं आणि सांगितलं, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. त्या दिवशी लिफ्टमध्ये मला रडू फुटलं.

तुमच्याकडे शेजारणीने ओढून आणलं. तुम्ही आधी एका मनगटावर, मग दुसऱ्या मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ गप्प बसलात. जीभ बघितलीत, फिकी आहे म्हणालात. मग विचारलंत, "सुआन?" तुमच्या मदतनीस मुलीने भाषांतर केलं: "आंबट?"

पायात आंबट? मी क्षणभर गोंधळले आणि लगेच उमगलं. अहो, आम्हीही तेच म्हणतो! चालून चालून पाय आंबतात, तापात अंग आंबतं. पंढरीच्या वारीहून आलेली माझी आजी ओसरीवर बसून म्हणायची, "पाय आंबले गं, जरा चेप." सात वर्षांत हा एक शब्द मला सुचला नव्हता. तो तुमच्या भाषेतून माझ्याकडे परत आला.

मग तुम्ही कागदावर चिनी अक्षरांची एक ओळ लिहिलीत. मिंग काळातले वैद्य शुए जी यांनी १५२९ मध्ये 'नेइख चाइयाओ' या ग्रंथात एका रुग्णाबद्दल लिहिलेली. रात्री झोप नाही, पायांच्या आत आंबल्यासारखं आणि गरम, शिरा आखडल्यासारख्या, पाय सारखे इकडून तिकडे, आणि पार थकल्यावरच डोळा लागतो. माझ्याच रात्रीचं वर्णन! पाश्चात्य वैद्यकात थॉमस विलिस यांनी हे १६७२ मध्ये नोंदवलं आणि आजचं 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये दिलं, हे मी नंतर वाचलं.

तुम्ही समजावलंत की तुमच्या शास्त्रात यकृत रक्त साठवतं आणि तेच रक्त स्नायुबंधांना पोसतं. माणूस आडवा झाला की रक्त यकृताकडे परततं. मुळात रक्तच कमी असेल तर पाय उपाशी राहतात आणि त्या रिकामपणात वारा उठतो. वारा म्हटल्यावर मला आपल्याकडचा वात आठवला. दोन्ही शास्त्रं एक नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी ऐकताना परकं वाटलं नाही.

सिनसे, खरे आभार पुढच्या गोष्टीचे. "आमचं 'रक्त कमी' आणि प्रयोगशाळेतलं रक्त एकच नव्हे," असं म्हणून तुम्ही मला आधी पॉलिक्लिनिकमध्ये फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्तातली खूण, तपासायला पाठवलंत. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिता असू शकतो, आणि या आजारात मेंदूला लोह कमी पडण्याचा मोठा संबंध असतो. माझं फेरिटिन १८ निघालं. या त्रासात ते ७५ किंवा त्याखाली असेल तरी लोह देऊन बघतात. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

पांढऱ्या पेओनीचं मूळ आणि ज्येष्ठमध यांचा तो जुना काढाही तुम्ही लगेच दिला नाहीत. आधी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं मागून घेतलीत. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून काढा नकोच म्हणालात. आमच्या घरात खोकला आला की ज्येष्ठमधाची काडी चघळायला देतात. त्याचा हा गुण मला इतक्या वर्षांत कुणी सांगितला नव्हता.

ॲक्युपंक्चरच्या सुया तेवढ्या दर शुक्रवारी. गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला झूसानली हा बिंदू. घोट्याच्या आतल्या बाजूला वर सानयिनच्याओ. पोटरीच्या मधोमध छंगशान. सुई बसली की आत जड, दबल्यासारखी कळ पसरायची. तुम्ही विचारायचात, "सुआन?" मी मराठीत म्हणायचे, "आंबलं." तुम्ही मान हलवून पुढची सुई घ्यायचात.

आता आठवड्यातल्या पाच रात्री मी सलग झोपते. लोहाने किती साधलं आणि सुयांनी किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. सुयांबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे, हे तुम्हीच पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतंत. म्हणूनच तुमच्यावर विश्वास बसला.

तुम्ही लिहून दिलेला तो कागद देवघराच्या खणात जपून ठेवलाय. फेरिटिनची नवी तपासणी गुरुवारी आहे. शुक्रवारी अहवाल घेऊन येते.

तुमची,
बाराव्या मजल्यावरची