घाम गाळायला गाव येतं, हिशेबाला का येत नाही?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी १५ ऑगस्ट झाला की आपल्या पेपरात तालुक्याच्या पानावर दोन-तीन ओळींची बातमी येते : 'गणसंख्येअभावी ग्रामसभा तहकूब.' म्हणजे पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून सभा पुढं ढकलली. यंदाही आली. या दोन ओळींनंतर गावात काय होतं ते पेपरात येत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी माण तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. घरी शिलाई मशीन आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. शिक्षण दहावी. राजकारणात कधी नव्हते, आजही नाही. आमचं निम्मं गाव मुंबईला माथाडीत, काही माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवायच्या धंद्यात लांब परराज्यात. गावात राहतो ते आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि शेळ्या-मेंढ्या. पाणी हा आमचा जन्माचा विषय. सासूबाई सांगतात, ७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या आणि संध्याकाळी घागरीसाठी दीड कोस चालायच्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या वस्तीवर जलजीवनच्या पाइपलाइनचं काम आलं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात, नळानं. आम्हाला केवढा आनंद झाला होता! जेसीबी आला, दोन दिवसांत चर काढला, पाइप टाकला, वरून माती लोटायला सुरुवातही केली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हा पाइप कोंबडीनं उकरला तरी वर येईल."

मी आत गेले आणि मशीनवरची टेप घेऊन आले. शिवणकामाची साधी टेप, ६० इंचांची. चरात सोडली तर १४ इंच भरला. दहा पावलं पुढं जाऊन मोजलं, १३. विहिरीजवळ १७. लिहायला हाताशी काही नव्हतं म्हणून मापाची वही उघडली. ज्या पानावर छाती, कंबर, बाही असं लिहिते, त्याच पानावर खाली लिहिलं : पारापासून विहिरीपर्यंत, १४, १३, १७, १५. ती वही अजून माझ्याकडं आहे.

ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं की चर किती खोल पाहिजे, अंदाजपत्रक दाखवा. उत्तर मिळालं, "काम वरून आलंय, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही." कुणी म्हटलं ते लिहीत नाही. मला कुणा एकाची तक्रार करायची नाही.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कोऱ्या कागदावर अर्ज आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तिसाव्या दिवशी निरोप आला, ४१ पानं आहेत, पानाला दोन रुपये. ८२ रुपये भरले आणि कागद घरी आणले. एवढे पैसे म्हणजे काहीच नाही असं वाटणारी माणसं आहेत, पण इथं ८२ रुपये म्हणजे विचार करायची रक्कम. तरी सांगते, आजवर एवढ्या पैशात एवढी मोलाची वस्तू मी घेतलेली नाही.

अंदाजपत्रकात चराची खोली ९० सेंटिमीटर होती, म्हणजे ३५ इंचांच्या वर. आणि त्याच गठ्ठ्यात गावाच्या पाणी समितीची यादी होती. सातव्या नंबरला माझं नाव. पुढं सही. मी सही करताना शेवटचं अक्षर लांब ओढते, शाळेपासूनची सवय आहे. ती सही गोल, नीटस, दुसऱ्याच कुणाची तरी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. राग पाइपचा नव्हता. या समितीत निम्म्या तरी बायका असल्याच पाहिजेत असा नियम आहे. तो नियम आमच्यासाठी केला, आणि आम्हाला न विचारता आमच्या नावांनी पुरा झाला.

त्याआधी १ मेच्या ग्रामसभेला मी आणि शेजारच्या तिघी गेलो होतो. पहिल्यांदाच. मोजून बावीस माणसं होती. गणसंख्या म्हणजे गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा. आमच्या गावाला तो १०० पडतो. बावीसवर सभा तहकूब झाली, आम्ही घरी आलो. आठ दिवसांनी कळलं की तहकूब सभा होऊन गेली, विषय मंजूर झाले, ठराव लिहिले गेले. दवंडी नाही, निरोप नाही. तेव्हा समजलं की तहकूब झालेल्या सभेला गणसंख्या लागतच नाही. दहा माणसं बसली तरी ती ग्रामसभाच. संपादक महोदय, तुमच्या त्या दोन ओळींच्या बातमीनंतर होतं ते हे. सभा झाली नाही असं वाचून वाचक पान उलटतो. सभा होते, आणि गावाच्या पैशाचे निर्णय तिथंच होतात. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. तो गावात कुठं आणि कसा लावायचा, हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा. आपण उठून गेलो की तो उरलेल्या दहा जणांच्या हातात राहतो.

१५ ऑगस्टला अजून अवधी होता. गावात आमचे चार बचत गट आहेत. गटाच्या बैठकीत मी ते ४१ कागद ठेवले. पहिल्या दिवशी कुणाला काही कळलं नाही, मलाही नाही. गावातला एक पोरगा सिव्हिलचा डिप्लोमा करतो, सुट्टीला आला होता. त्यानं 'आरएमटी' म्हणजे रनिंग मीटर, इथपासून शिकवलं. रात्री जेवणं आटोपली की माझ्या मशीनच्या दिव्याखाली सात-आठ जणी बसायच्या. एक वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. गटाच्या प्रशिक्षणात आम्हाला गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल सांगितलं होतं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. वनहक्क कायद्यानं त्यांना २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. पण माझ्या मनात राहिली ती त्यांची अभ्यासगटाची रीत. आधी एकत्र बसून विषय समजून घ्यायचा, मग सभेत बोलायचं, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. आमचा दिव्याखालचा वर्ग तसाच होता, नाव काही दिलं नव्हतं एवढंच.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडं आजवर वही घरोघर फिरायची आणि बायका चुलीपुढं बसून सही नाहीतर अंगठा द्यायच्या. या वेळी आम्ही ठरवलं, घरात सही करायची नाही. सही पाहिजे तर सभा घ्या. १४ ऑगस्टला शाळेच्या व्हरांड्यात ६३ बायका बसल्या. चराची खोली सगळ्यांसमोर मोजावी असा ठराव झाला. लिहून झाल्यावर तो मोठ्यानं वाचायला लावला, मगच सह्या केल्या. मी माझं शेवटचं अक्षर नेहमीपेक्षा जास्त लांब ओढलं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांची भाषणं झाली, खाऊ वाटला. एरवी यानंतर मैदान रिकामं होतं, कारण ऑगस्ट म्हणजे बाजरीच्या खुरपणीचे दिवस. त्या दिवशी कुणी हललं नाही. प्रत्येक गटानं दहा-दहा घरं वाटून घेतली होती, माणसं धरून आणली होती. रजेवर आलेली मुंबईची पोरंही थांबली. हजेरी १२८ भरली.

आमच्या सरपंच बाई आहेत. बोलायचे नेहमी त्यांचे यजमान. बायकांनी आधीच सांगितलं होतं की बाईंच्या शेजारी यजमानांची खुर्ची नको. ठराव वाचला, तसा गलका झाला. काही जण म्हणाले काम चांगलं झालंय, उगाच खुसपट काढू नका. सरपंच बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "वाद कशाला घालायचा? चला, मोजू या." सहा शब्दांचं भाषण. सगळी सभा उठून वस्तीवर आली. पाच ठिकाणी माती उकरली, डिप्लोमावाल्या पोरानं मोठी टेप लावली, मी माझी लावली. आकडे तेच निघाले. जागेवर पंचनामा लिहिला.

ऑक्टोबरमध्ये सुमारे सहाशे फूट लाइन पुन्हा खोल गेली. पुढच्या चार घरांची अजून तशीच आहे, वर ट्रॅक्टर जातो आणि महिन्याला एकदा फुटते. पाणी तिसऱ्या दिवशी येतं, पाऊण तास. सगळं आलबेल झालं असं मी लिहिणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते. २०१८ साली वॉटर कप, म्हणजे श्रमदानानं पाणी अडवायची गावागावांची स्पर्धा झाली तेव्हा ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस आमच्या तालुक्यातली गावं उन्हातान्हात माळावर होती. टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर आणला तो याच माण तालुक्यात. आमचं गाव बक्षिसात नव्हतं, पण रात्री बॅटरीच्या उजेडात समतल चर आम्हीही खोदले. मी स्वतः पाट्या वाहिल्या आहेत. मुंबईवरून गाड्या भरून माणसं यायची. म्हणजे आमचं गाव आळशी नाही, आणि गावाबद्दल कुणाला काही वाटत नाही हेही खोटं. मग तेच गाव वर्षातून चार वेळा दोन तास सतरंजीवर का बसत नाही?

मी यावर पुष्कळ विचार केला. श्रमदानात कुणाला वाईटपणा येत नाही. हिशेबात येतो. गाव म्हणजे भावकी. ठेकेदार कुणाचा तरी मेव्हणा असतो, समितीतला माणूस कुणाचा तरी चुलता. विचारणाऱ्याला वाटतं उद्या दाखला अडेल, घरकुलाच्या यादीतून नाव गळेल. ही भीती पोकळ नाही. त्या सभेनंतर एक जवळचं घर माझ्याशी सात महिने बोललं नाही. गणवेशाचं जे शिवणकाम चार वर्षं माझ्याकडं होतं ते यंदा आलं नाही. म्हणून एकटीनं विचारू नये, असं मी बायकांना सांगते. एकटी विचारते ती भांडखोर ठरते. साठ जणी विचारतात तेव्हा तो ठराव होतो.

हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडून, कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. लोक तिथं सहली नेतात, बंधारे बघतात, फोटो काढतात. बंधाऱ्यांचं कौतुक आहेच. पण त्याआधी ती माणसं एकत्र बसली, हिशेब मांडला आणि नको असलेला निर्णयही पाळला, हे बघायला सहलीत कुणी थांबत नाही.

ग्रामसेवकांवर, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, सगळं ढकलणं बरोबर नाही. एकेकाकडं दोन-तीन गावं असतात, एकाच तारखेला सगळीकडं सभा. पण सभेची वेळ संध्याकाळची ठेवायला काय हरकत आहे? भर खुरपणीत सकाळी अकराला बाई येणार कशी? आणि तहकूब सभेचीही दवंडी पिटावी, फळ्यावर तारीख लिहावी, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावी. याला कुठला निधी लागत नाही.

तुमच्याकडंही एक मागणं आहे. सभा तहकूब झाल्याची बातमी नंतर छापता, तशी सभेआधी विषयपत्रिका छापा. नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघते, तुमचे वार्ताहर तालुक्याला रोज असतात. ज्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात त्याच पानावर चार गावांचे विषय मावतील. आणि मुंबई-पुण्यात राहून हा पेपर वाचणाऱ्या माझ्या माणदेशातल्या भावांना सांगणं आहे : यात्रेला रजा काढता, तशी एक रजा ग्रामसभेला काढा. मतदार यादीत नाव गावचं असेल तर ती सभा तुमचीही आहे.

यंदा १५ ऑगस्टला आमची हजेरी १०४ भरली. गेल्या वर्षीपेक्षा २४ कमी. पाच माणसं उठली असती तर सभा मोडली असती, म्हणून आम्ही दोघी दारात बसून होतो. २ ऑक्टोबरच्या सभेची नोटीस काल फळ्यावर लागली. उरलेल्या चार घरांची लाइन विषय क्रमांक ४ वर आहे. आम्ही संध्याकाळी सहाची वेळ मागितली होती, चारची मिळाली. टेप आणि मापाची वही पिशवीत भरून ठेवली आहे.

आपली वाचक,
शिवणकाम करणारी एक ग्रामस्थ,
ता. माण, जि. सातारा
(नाव व गाव संपादकांना कळवले आहे.)