कॅसिनोने चिक्कीवाल्याचे पोट भरणार नाही

लोणावळा-महाबळेश्वरला कॅसिनो हवेत, हे सुचवणारे पत्र वाचले. अजिबात पटले नाही. कॅसिनोंना परवानगी देणारा राज्याचा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नव्हता. २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला, ते योग्यच झाले. गोव्यातल्या कॅसिनोंत २०२० पासून खुद्द गोवेकरांना जुगार खेळायला बंदी आहे. घरच्यांना जे नको, ते पाहुण्यांच्या ताटात का वाढायचे? पणजीच्या धक्क्यावर मी पाहिले, गाडीतून उतरलेला पर्यटक थेट कॅसिनोच्या बोटीत चढतो. जेवण, गाणी सगळे जहाजावरच. समोरचा शहाळेवाला कोयता पुसत बसलेला. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांच्या, कणीस भाजणाऱ्या बायकांच्या पदरात यातून काय पडणार? त्यांच्यासाठी आधी भुशी धरणाच्या रस्त्यावरची शनिवार-रविवारची कोंडी सोडवा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे