दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबांनी शुक्रवारच्या भजनाला जाणं सोडलंय, हे आईकडून कळलं. बाबा फोनवर म्हणाले, "हल्ली अंधार लवकर पडतो." बाबा, तुम्ही उभी हयात एसटीच्या रातराणीवर काढलीत. घाटातल्या धुक्यातून गाडी आणणाऱ्या माणसाला शेजारच्या गावापर्यंत स्कूटर नेता येत नाही, हे मला पटेना. शेवटी आईने खरं सांगितलं. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती मोठं कडं दिसतं, आणि रस्त्याची कडच दिसेनाशी होते.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या फाईलचे आईने पाठवलेले फोटो नीट पाहिले. डोळ्यात बसवलेल्या लेन्सच्या स्टिकरवर मल्टिफोकल लिहिलंय. ही लेन्स डोळ्यात येणारा उजेड लांबच्या आणि जवळच्या नजरेसाठी वाटून देते, म्हणून चष्मा बराचसा सुटतो. पण त्याच वाटणीमुळे काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि अंधुक उजेडात वस्तू फिकट वाटतात. लेन्स वाईट नाही. पुष्कळांना काही महिन्यांत सवय होते, आणि दिवसभर वाचणाऱ्या माणसाला ती सोयीचीही पडेल. पण रात्री गाडी चालवणाऱ्याला हे आधी सांगायला नको? साध्या मोनोफोकलने, म्हणजे एकाच अंतराला जुळवलेल्या लेन्सने, लांबचं स्वच्छ दिसलं असतं, पेपरला चष्मा लागला असता. चष्म्याबद्दल तुमची कधी तक्रार नव्हतीच.

तुम्ही रात्री गाडी चालवता का, हे त्या हॉस्पिटलात कुणीच विचारलं नाही. काउंटरवरच्या मुलीने तीन पॅकेजचं कार्ड पुढे केलं आणि "काका, ही बिनचष्म्याची" म्हणून मधल्यावर बोट ठेवलं.

मला खरा राग आलाय तो संमतीपत्राचा. तुमची सही कशी रेघेवर बसवलेली असते! या कागदावर ती रेघ सोडून खाली घसरलीय, छापील अक्षरांवर चढलीय. आई म्हणाली, बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर सही घेतली. त्या थेंबांनी काही तास जवळचं धूसर दिसतं. म्हणजे जे वाचताच येत नव्हतं त्यावर तुमची सही घेतली. सुप्रीम कोर्टाने २००८ सालीच सांगितलंय की उपचाराचे धोके आणि दुसरे पर्याय पुरेसे समजावल्यावरच रुग्णाची संमती खरी धरायची. आणि नंतर तक्रार घेऊन गेलात तर उजेडाच्या खोलीत तक्ता वाचायला लावून "काका, नजर उत्तम आहे, सिक्स बाय सिक्स, सवय होईल" म्हणून वाटेला लावलं. समोरच्या हेडलाइटचा त्रास त्या तक्त्यावर कसा कळणार?

आता माझं ऐका. डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकला. मोतीबिंदू आहे, पण डॉक्टरांनीच घाई नाही असं लिहिलंय. आणि उजव्या डोळ्याला "छोटं लेझर करून टाकू" म्हणालेत, ते सध्या अजिबात करू नका. त्यात लेन्सच्या मागच्या पातळ पडद्याला भोक पाडतात. तो पडदा गढूळ झाला असेल तर लेझरचा उपयोग होतो, पण पुढे लेन्स बदलायची वेळ आली तर पडदा शाबूत असलेला बरा. आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.

आई, तू तिथे जाऊन सगळ्या रेकॉर्डची प्रत लेखी माग: लेन्सचं माप काढल्याचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, बिल, सगळं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. "सिस्टिम बंद आहे" म्हणाले तर मला तिथूनच फोन लाव.

आणि बाबा, डॉक्टरांना उलटं विचारू नये हे तुमचं मला माहीत आहे. पण हा प्रश्न उलटा नाही. एसटीत असताना ब्रेक लागत नाही असं वाटलं, तर मेकॅनिकने तपासल्याशिवाय तुम्ही डेपोतून गाडी काढत नव्हता. पुढच्या डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा: मी रात्री स्कूटर चालवतो आणि मला भजनाला जायचंय.

शनिवारी सकाळच्या गाडीने या, मी स्वारगेटला घ्यायला येते. थेंब घालतील, म्हणून काळा चष्मा आणा. तोवर भजनाला शेजारच्या काकांच्या मागे बसून जा, पण जा.

तुमची,
मनू